दूध पुरतंय का, ते लंगोट सांगतो

पत्र: मी जिंतूर तालुक्यात माहेरी बाळंतपणाला आले आहे. पहिलंच लेकरू, मुलगी, सीझर झालं. आज नववा दिवस. जन्माचं वजन २ किलो ७०० ग्रॅम होतं, पाचव्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा २ किलो ५२० भरलं. दिवसा झोपते, संध्याकाळपासून रात्री दोनपर्यंत रडते. आई म्हणते, "लेकराला दूध पुरंना गेलंय, शेळीचं दूध पाणी घालून चालू कर." ऊन एवढं आहे की घरातले सगळे म्हणतात, दोन चमचे पाणी तरी पाजा. न्हाऊ घालायला मावशी येतात, त्या तिची छाती दाबून दूध काढतात, नाक ओढतात, मग धुरी देतात. माझ्या बाजेखाली दोन वेळा शेक असतो आणि मला पाणी मोजून मिळतं. तिचे डोळे पिवळट वाटतात. बाराव्या दिवसापासून गुटी द्यायचं ठरलंय. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका आहे, दूध पुरतंय का. ती फिटली की शेळीचं दूध, पाणी, गुटी हे विषय घरात बरेच मागे पडतील. म्हणून आधी तेच, आणि सविस्तर.

रडण्यावरून दूध मोजता येत नाही. नऊ दिवसांचं लेकरू भुकेनं रडतं, तसं उकाड्यानं, ओल्या लंगोटानं, नुसतं जवळ घ्यावं म्हणूनही रडतं. भुकेची खूण रडण्याच्या बरीच आधी दिसते: तोंड उघडून मान इकडेतिकडे फिरवणं, जीभ बाहेर काढणं, मुठी चोखणं. रडायला लागलं म्हणजे आपल्याला उशीर झालेला असतो. चिडलेलं लेकरू छातीला नीट लागत नाही, आणि मग घरात सगळे म्हणतात, बघा, दूधच येईना गेलंय.

खरा हिशेब लंगोटात असतो. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ लंगोट चांगले ओले व्हायला हवेत, आणि शू पाण्यासारखी फिकट हवी. डायपर लावत असाल तर दोन दिवस बंद ठेवा. त्यात ओल शोषली जाते आणि किती वेळा झाली ते कळत नाही. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट बांधा आणि सकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत कॅलेंडरच्या मागे रेघा ओढत जा. शूची एक रेघ, शीची वेगळी. हे काम तुमच्या आईकडेच द्या. स्वतः मोजलेल्या आकड्यावर माणसाचा लवकर विश्वास बसतो.

लंगोटावर विटकरी-नारिंगी डाग दिसला तर घाबरू नका, पण लेकराचा कितवा दिवस आहे ते बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत शू घट्ट असते म्हणून असा डाग पडतो आणि त्यात काही वावगं नाही. चौथ्या दिवसानंतरही पडत असेल तर दूध कमी जातंय.

शीचंही तसंच. पहिले दोन दिवस काळी, डांबरासारखी चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. दिवसातून तीन-चार वेळा होते, काहींना प्रत्येक पाजण्यानंतर होते. याला जुलाब समजून अनेक घरांत औषध सुरू होतं. अंगावरच्या दुधावरच्या लेकराची ही नेहमीची शी आहे आणि दूध पोटात पोचत असल्याची खूणही. नवव्या दिवशीही शी काळी-हिरवी असेल किंवा दिवसभरात झालीच नसेल, तर मात्र काळजी करायची.

आता वजन. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात लेकराचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं. तुमच्या मुलीचं १८० ग्रॅम उतरलं, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या थोडं वर. यात काही बिघडलेलं नाही. दूध उतरल्यावर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे आज ती २ किलो ६०० ते ६४० च्या आसपास असावी आणि चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर परत यावी. आशाताईंना आजच बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, आणि वजनकाटा व थर्मामीटर त्यांच्या पिशवीत असतो. (घरी जाऊन तान्ह्या लेकराला तपासायची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी करून दाखवली, मग ती देशभर गेली.) नोंद सासरच्या गावात आणि बाळंतीण माहेरी, या घोळात या भेटी हटकून चुकतात. म्हणून माहेरच्या आशाताईंना तुम्हीच कळवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड दाखवा. वजन अंगावर कपडे न ठेवता आणि शक्यतो त्याच काट्यावर करा. दोन काट्यांत १०० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि त्या फरकावरून घरात रडारड होते.

सहा लंगोट, पिवळी शी आणि वाढणारं वजन असेल तर दूध पुरतंय. मग ती संध्याकाळी कितीही रडो, वरचं दूध नको.

आकडे कमी आले तर? तरी पहिला उपाय वरचं दूध हा नाही. बहुतेक वेळा दूध असतं, पण लेकराची पकड चुकलेली असते, किंवा पाजण्याच्या वेळा कमी पडतात. तुमची मुलगी दिवसा झोपते असं लिहिलंय, आम्हाला शंका तिथेच येते. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायला हवं. वजन जन्माइतकं होईपर्यंत दिवसा तीन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका. उठत नसेल तर झबलं काढा, लंगोट बदला, तळपाय चोळा, छातीशी उघड्या अंगानं धरा. दिवसा चार वेळाच प्यायलेलं लेकरू उरलेला कोटा संध्याकाळी मागणारच.

सीझरनंतर मांडी घालून, वाकून पाजायला बसलं की टाके ओढतात. मग आई घाईनं काढून घेते आणि पकड अर्धीच राहते. दोन पद्धती सोप्या पडतात. एक, कुशीवर झोपून: पाठीमागे तक्क्या, लेकराचं पोट तुमच्या पोटाला, नाक बोंडाच्या समोर. दुसरी, काखेतून: बाजूला उशी ठेवून लेकराचे पाय तुमच्या काखेखालून मागे, डोकं तळहातावर. यात टाक्यांवर वजन अजिबात येत नाही. बोंड वरच्या ओठाला लावा आणि तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबा. उघडलं की लेकराला छातीकडे आणा, छाती लेकराकडे ओढू नका. पकड बरोबर असेल तर हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले असतात, आणि काळा भाग खालून जवळजवळ सगळा तोंडात गेलेला असतो. दोन-चार चोखण्यांनंतर घोट गिळल्याचा आवाज येतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर नुसतं बोंड तोंडात आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. बोंडाला चिरा पडतात त्या याच चुकीनं. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध बोंडावर लावून वाळू द्या, साबण लावू नका.

एक बाजू पूर्ण रिकामी झाली की मगच दुसरी द्या. शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं, वजन त्यानं वाढतं. पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे असं घड्याळावर पाजलं तर पोट भरतं, पण तेवढी वाढ होत नाही.

संध्याकाळचं रडणं आणि तासातासाला छाती मागणं या वयात नेहमीचं आहे. मागेल तेवढं पाजा. रात्रीचं पाजणं तर चुकवूच नका, कारण दूध तयार करणारा संप्रेरक रात्री जास्त असतो. दूध मागणीवर तयार होतं. रात्री एकदा वरचं दूध दिलं की त्या वेळची मागणी गेली, दुसऱ्या दिवशी छातीत तेवढं कमी, मग वरचं आणखी. आठ-दहा दिवसांत आई म्हणते ते खरं ठरतं, कारण ते आपणच खरं केलेलं असतं.

शेळीच्या दुधाबद्दल स्पष्ट सांगतो. त्यात फॉलिक आम्ल फारच कमी असतं, त्यावर वाढलेल्या मुलांत रक्त कमी होतं. गाई-म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि क्षार इतके असतात की नऊ दिवसांच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाहीत. पाणी घालून पातळ केलं की क्षार कमी होतात, पण ताकदही कमी होते. म्हणजे पोट भरलेलं आणि लेकरू उपाशी. डॉक्टरांनी तपासून वरचं द्यायला सांगितलंच, तर आधी स्वतःचं काढलेलं दूध. हात धुवून अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवा, आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग एकमेकांकडे. ओढू नका, घासू नका. स्वच्छ वाटीत काढा आणि चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा, बाटली टाळा. काढलेलं दूध थंड खोलीत चार तास राहतं, पण एप्रिलच्या खोलीत तो भरवसा धरू नका. लगेच पाजा नाहीतर फ्रिजमध्ये आत, दारात नाही. पावडरचं दूध द्यायची वेळ आलीच तर डब्यावर लिहिलंय तसंच, बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर उकळलेल्या पाण्याला त्याच डब्यातला सपाट एक चमचा. डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळ करणं ही नेहमीची आणि घातक चूक.

पाण्याचं काय? अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. परभणी-नांदेडकडे पारा ४२ वर गेला तरी सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही, पाजण्याच्या वेळा वाढवाव्या लागतात. दोन चमचे पाणी दिसायला किरकोळ, पण या पोटात ते दुधाची जागा खातं. जास्त गेलं तर रक्तातला सोडियम उतरून झटके येऊ शकतात. आणि उन्हाळ्यात टँकरचं, दोन दिवस साठवलेलं पाणी कसं असतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. उचकी लागली म्हणूनही पाणी नको. उचकी आपोआप थांबते.

उन्हाळ्यात तान्ह्या लेकराला ताप येण्याची दोन साधी कारणं आम्हाला सारखी दिसतात: दूध कमी आणि कपडे जास्त. एक सुती झबलं, लंगोट, फार तर पातळ दुपटं. टोपी, मोजे, लोकरीचं काही नको. हातपाय थोडे गार लागणं चालतं, पोट आणि छाती हाताला कोमट लागली पाहिजे. घरात माळवदाची खोली असेल तर दुपारी तिथे झोपा. पत्र्याखालची खोली दुपारी बारा ते पाच टाळा. कुलर चालेल, फक्त वारा थेट अंगावर नको आणि त्यातलं पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. लाईट गेल्यावर खिडकीला ओली चादर टांगली तरी फरक पडतो.

अशा उन्हात बाजेखाली विस्तव आणि लेकराला धुरी! इथे आमचं मत ठाम आहे, दोन्ही बंद. बंद खोलीतल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि तो आईपेक्षा लेकराला आधी बाधतो. ओवा-शेपाचा धूर श्वासनलिकेला सूज आणतो, मग "सर्दी झाली" म्हणून आणखी धुरी होते. पाठ-कंबर शेकायची असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून घ्या, टाक्यांवर नको. आईंना सांगताना "शेक वाईट" असं म्हणू नका. "सीझरचे टाके ओले राहू नयेत, घाम येऊ देऊ नका असं दवाखान्यात सांगितलंय" असं म्हणा, ते खोटंही नाही. ओवा आणि बाळंतशेप धुरात घालण्यापेक्षा जेवणानंतर चावून खा.

डोळ्यांचा पिवळेपणा मात्र लांबणीवर टाकू नका. नवजात कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते आणि दोन आठवड्यांत उतरते. म्हणजे बरोबर पाचवीपूजनाच्या सुमाराला, जेव्हा लेकरू अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली, हळदीकुंकवाच्या गर्दीत असतं आणि रंग कुणालाच दिसत नाही. आज दुपारी उजेडात दाराजवळ आणा, ऊन अंगावर न घेता. कपाळ, छाती, पोट, मांडी, तळपाय इथे एकेक करून बोटानं दाबून सोडा आणि दाब काढल्या काढल्या कातडीचा रंग बघा. नुसता चेहरा-डोळे पिवळट, पिणं चांगलं आणि शी पिवळी असेल तर रोज असं बघत राहा. पोटाच्या खाली मांड्यांपर्यंत पिवळेपणा असेल तर आजच रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचं पिवळं द्रव्य, तपासून घ्या. तळहात-तळपाय पिवळे असतील तर क्षणभरही थांबू नका. तुमचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, अशा वेळी कावीळ जोरात चढू शकते.

उन्हात ठेवणं हा कावीळीचा उपचार नाही. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याखाली जे होतं ते अंगणातल्या उन्हात होत नाही, आणि मराठवाड्यातलं ऊन सकाळी आठलाच भाजतं. घरी करता येण्यासारखं एकच आहे, जास्त वेळा पाजणं, कारण बिलिरुबिन शीवाटे बाहेर पडतं. शी कमी झाली तर ते आतड्यातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला, किंवा शी पांढुरकी, चुन्यासारखी आणि शू गडद पिवळी, लंगोटावर डाग पाडणारी झाली, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घेऊन लगेच तपासावं लागतं. तिथे उशीर झाला तर यकृत जातं.

मावशींचं न्हाणं. त्यांचे हात अनुभवी आहेत, त्यांना काढून टाकू नका, तीन-चार गोष्टी तेवढ्या थांबवा. लेकराची छाती सुजलेली दिसते ती आईच्या संप्रेरकांमुळे. मुलगा असो वा मुलगी, काही आठवड्यांत आपोआप बसते. दाबून काढलेल्या त्या दोन थेंबांपायी आत जंतू जाऊन गळू होतं, मग चिरा द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात मुलीच्या लंगोटावर पांढरा स्राव किंवा रक्ताचा ठिपका दिसतो, तोही त्याच कारणानं. नाक ओढल्यानं सरळ होत नाही. नाकात, कानात तेल सोडू नका, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. बेसन रगडू नका. पायावर पालथं घेऊन पाणी ओतताना तोंड खाली असेल तर नाकात पाणी जातं, म्हणून डोकं नेहमी वर आणि तांब्याची धार खांद्यापासून खाली. पाणी कोपरानं बघा, कोपराला गरमही नको, गारही नको. खोबरेल तेलानं हलक्या हातानं दहा मिनिटं मालिश ठीक आहे, तीही पाजल्यावर किमान अर्ध्या तासानं. टाळूवर तेल थापून ती भरत नाही, तिची ती साधारण दीड वर्षापर्यंत भरते. अंघोळ पाच मिनिटांत उरका, मान, काख, जांघ यांच्या घड्या टिपून कोरड्या करा. उन्हाळ्यातल्या पुरळाचं मूळ तिथली ओल आणि पावडर.

नाळ साधारण ५ ते १५ दिवसांत पडते. हळद, राख, तेल, कुंकू काहीही नको; कोरडी ठेवा, लंगोट तिच्या खाली बांधा. पडताना रक्ताचा एखादा थेंब येतो. बेंबीभोवती लाली, पू किंवा घाण वास आला तर दवाखाना. काजळाची तीट तळपायाला लावा, डोळ्यात नको.

गुटी. सहाणेवर उगाळलेलं किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. जायफळानं लेकरू गुंगतं, घरात सगळे म्हणतात शांत झोपलं, आणि तितकी पाजण्याची एक वेळ चुकते. मधात वर्षाच्या आतल्या मुलांना घातक ठरणारे बोटुलिझमचे जंतू असू शकतात, म्हणून बारशाला मधाचं बोटही नको. सोन्याची अंगठी चाटवायची हौस असेल तर ती लेकराच्या कपाळाला टेकवा.

तुमचं पाणी मोजू नका. प्रत्येक वेळी पाजायला बसताना तांब्या जवळ ठेवा, दिवसात अडीच-तीन लिटर जायला हवं. पाणी प्यायल्यानं टाके ओले राहत नाहीत, उलट बद्धकोष्ठ टळून टाक्यांवरचा ताण कमी होतो. नुसता भात-तूप पुरणार नाही. ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, शेपू, डिंकाचा एखादा लाडू, सोसेल ते सगळं खा. डाळीनं लेकराला वात होत नाही. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, चहाबरोबर तर नकोच. तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून जायला लागलं, मोठ्या गाठी पडल्या, ताप आला, टाक्यांतून पाणी किंवा पू आला तर तुमच्यासाठी दवाखाना. उगाच रडू येणं पहिल्या दोन आठवड्यांत असतं. त्यापुढे राहिलं, झोप उडाली, लेकराबद्दल काहीच वाटेनासं झालं किंवा भलते विचार यायला लागले तर घरात सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोला, तिथे मराठीत बोलता येतं.

आता ज्या वेळी आमचं सदर बाजूला ठेवून गाडी काढायची त्या खुणा. छातीला लागेना किंवा लागून चोखेना. हलवल्याशिवाय हातपाय हलवेना. झटके. शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजून श्वास ६० किंवा जास्त, आणि पुन्हा मोजला तरी तेवढेच. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा. हिरवी उलटी. टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली. काखेतलं तापमान ९५.९ अंश फॅरनहाइटच्या खाली, किंवा १००.४ आणि वर. ९९.५ ते १००.४ च्या मधे असेल तर आधी कपडे सैल करा, गार खोलीत न्या, पाजा, आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघा, तरी ९९.५ च्या वरच असेल तर निघा. तापाचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. १०२ किंवा १०८ लावा. वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात नेणं आणि तिथले उपचार मोफत आहेत. जिल्ह्याच्या दवाखान्यातला नवजात कक्ष म्हणजे एसएनसीयू, तिथेच न्यायला सांगा, मधल्या दोन दवाखान्यांत वेळ घालवू नका. वाटेत लेकरू उघड्या छातीशी धरून वरून लुगडं घ्या.

राहिलं दोन गोष्टींचं. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट, वर्षभर. पण बाटली नीट वाचा: काहींत १ मिलिलिटरमध्ये ४०० असतात, काहींत ८००, आणि ड्रॉपर सारखाच दिसतो. आणि जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीच्या जागी डाव्या दंडावर दोन ते सहा आठवड्यांत फोड येईल, कदाचित पू होईल; त्यावर काही लावू नका, ती लस लागल्याची खूण आहे. पुढची लस सहा आठवड्यांनी, म्हणजे ४२ व्या दिवशी. सव्वा महिना संपून सासरी जायची गडबड नेमकी त्याच आठवड्यात असते आणि लस दोन गावांच्या मधे राहून जाते. गावातलं लसीकरण बुधवारी असतं की शुक्रवारी, आणि पाठवणी त्याच्या आधी येते का, ते आत्ताच आशाताईंना विचारून ठेवा, आणि कार्ड सूटकेसच्या तळाशी न टाकता तुमच्या पर्समध्ये ठेवा.